मसुराच्या दाण्यासारख्या दीर्घिका

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बसवनगुडी, बंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



बसवनगुडीला विज्ञानाची व्याख्याने नवी नाहीत. येथील नॅशनल कॉलेजात एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या बंगळूर सायन्स फोरमने सामान्य श्रोत्याला शास्त्रज्ञांसमोर बसण्याची सवय लावली. अशा परिसरात मायबोलीतून विज्ञान मांडण्याची संधी शाळेने दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आजचा विषय मसूराकृती दीर्घिका हा आहे. ‘लेन्स’ हे मूळ लॅटिनमध्ये मसुराचेच नाव. मधोमध फुगीर आणि कडेला निमुळती होत गेलेली कोट्यवधी ताऱ्यांची तबकडी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही दीर्घिका दिसेल. आपली आकाशगंगाही तबकडीच आहे. पण ती सर्पिल आहे. तिच्या भुजांमध्ये वायू व धूळ आहे आणि त्यांतून आजही नवे तारे जन्मतात. मसूराकृती दीर्घिकेत तबकडी आहे, भुजा नाहीत. तारे आहेत, नवजात तारे जवळजवळ नाहीत.

एडविन हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांचे आकारानुसार वर्गीकरण केले. एका बाजूस लंबवर्तुळाकार, दुसऱ्या बाजूस सर्पिल. या दोहोंच्या सांध्यावर १९३६ मध्ये त्यांनी एक प्रकार निव्वळ तर्काने ठेवला. पुढे तशा दीर्घिका खरोखरच आढळल्या. मग प्रश्न आला : या मूळच्याच अशा, की कधीकाळी सर्पिल होत्या?

याचे एक उत्तर त्यांच्या वस्तीत मिळाले. अ‍ॅलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये दाखवले, की दीर्घिकांच्या दाट समूहांत मसूराकृती दीर्घिका अधिक आणि सर्पिल कमी असतात. विरळ प्रदेशात याच्या उलट. पुढे हबल दुर्बिणीने सुमारे ५०० कोटी वर्षांपूर्वीचा प्रकाश टिपला, तेव्हा त्या काळच्या समूहांत मसूराकृती कमी आणि सर्पिल जास्त दिसल्या. म्हणजे मधल्या काळात अनेक सर्पिल दीर्घिकांचे रूप पालटले.

हे घडते कसे? वारा पडलेला असतानाही वेगाने स्कूटर चालवणाऱ्याच्या तोंडावर वारा येतो. समूहातील दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. तेथे कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू असतो. त्यातून सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेला असाच वारा लागतो. तारे जागच्या जागी राहतात. त्यांच्यामधला वायू मात्र मागे उडून जातो. गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये ही प्रक्रिया मांडली. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने अशाच एका दीर्घिकेतून निसटलेल्या वायूमध्ये जन्मलेले तारे टिपले आहेत. या दुर्बिणीच्या उभारणीत याच शहरातील भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा मोठा वाटा आहे.

वायू गेला की नवे तारे थांबतात. भुजांना उठाव देणारे तेजस्वी निळे तारे अल्पायुषी असतात. काही कोटी वर्षांत ते संपतात आणि भुजा विझत जातात. उरतात ते दीर्घायुषी, पिवळसर-तांबूस तारे. मात्र एवढ्याने कोडे सुटत नाही. बहुतेक मसूराकृती दीर्घिकांचा मधला फुगवटा सर्पिलांपेक्षा ठसठशीत असतो. केवळ वायू गमावून तो वाढणार नाही. त्यासाठी लहान दीर्घिकांचे विलीनीकरण किंवा वायूचे केंद्राकडे ओढले जाणे अशी कारणे शोधावी लागतात. शिवाय समूहांबाहेर, एकाकी राहणाऱ्या मसूराकृती दीर्घिकाही आहेत.

येथे मराठी नावांचा उल्लेख करताना मला विशेष आनंद होतो. सुधांशू बर्वे, अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या दीर्घिकांच्या फुगवट्याचे आणि तबकडीचे आकार ताडून पाहिले. तेजस्वी आणि मंद मसूराकृती दीर्घिकांत या दोहोंचे नाते निरनिराळे निघाले. त्यांचा निष्कर्ष असा : मंद दीर्घिका बहुधा वायू गमावलेल्या सर्पिल असाव्यात, तेजस्वी मात्र विश्वाच्या आरंभीच्या काळात झपाट्याने घडलेल्या असाव्यात. चेहरा एक, चरित्रे दोन.

मला आज हेच सांगायचे आहे. हबल यांच्या आकृतीकडे पाहून एका टोकाला बालपण आणि दुसऱ्या टोकाला वार्धक्य, असा समज सहज होतो. पण ती आकृती रूपांची मांडणी आहे, जन्मपत्रिका नव्हे. एखादी दीर्घिका आज शांत का आहे, हे तिच्या रूपावरून ठरत नाही. तिने काय गमावले, कोणाच्या सहवासात ती राहिली, हे पुराव्यानिशी तपासावे लागते. आपली आकाशगंगा आज वर्षाला सूर्याच्या एक-दोन पट वस्तुमानाचे तारे घडवते. तिचा वायूही अक्षय नाही.

पालकांना एवढीच विनंती. मुलांकडून दीर्घिकांचे प्रकार जरूर पाठ करून घ्या. पण ‘हे असे कसे झाले?’ हा प्रश्न त्यांनी विचारला, तर त्यांना थांबवू नका. वरील सारे संशोधन त्याच एका प्रश्नातून निघाले आहे. साठ वर्षे असे प्रश्न ऐकून घेणाऱ्या आपल्या शाळेला माझे विनम्र अभिवादन.