अंधुक ठिपक्याची फेरी
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



हुडकोतील या मेळाव्यात आज लघुग्रहांविषयी बोलणार आहे. १६ ऑगस्ट २०२० रोजी मोटारीएवढा एक लघुग्रह हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला. पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांत तो ओळखला मुंबईच्या आयआयटीतील कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा या विद्यार्थ्यांनी. कुणाल तेव्हा धातुशास्त्राचा विद्यार्थी होता; पोलादनगरीला याचे विशेष अप्रूप वाटावे.

लघुग्रह दुर्बिणीतूनही बहुधा प्रकाशाचा ठिपकाच दिसतो. मग तो स्वतःभोवती किती वेळात फिरतो, हे कसे कळते? बहुतेक लघुग्रह बटाट्यासारखे ओबडधोबड असतात. रुंद बाजू समोर आली की तेज वाढते, अरुंद बाजू आली की घटते. ठरावीक अंतराने छायाचित्रे घेऊन, शेजारच्या स्थिरतेजाच्या ताऱ्यांशी तुलना करून आलेख काढतात. लांबट दगडाची रुंद बाजू एका फेरीत दोनदा समोर येते. म्हणून सहसा दोन शिखरे मिळून एक फेरी धरतात. इरॉसच्या तेजातील चढउतार १९०१ मध्ये लक्षात आला. त्याची फेरी ५ तास १६ मिनिटांची. एकाच शिखरावर विसंबणाऱ्याचे उत्तर निम्मेच येईल.

या मोजणीतून अंतरंगही उमगते. काही शे मीटरांहून मोठे लघुग्रह क्वचितच सव्वादोन तासांहून कमी वेळात फेरी पुरी करतात. यावरून त्यांतील पुष्कळसे सैल दगडगोट्यांचे ढीग असावेत, असे मानतात. अधिक वेगाने फिरले तर ते विखुरतील.

फेरी लांबली तर एक रात्र पुरत नाही. इथे उजाडले की पश्चिमेकडील वेधशाळा काम पुढे नेते. तिन्ही पाळ्यांत भट्टी जागती ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

आता एक कबुली देते. नोकरीच्या आरंभी एका चाचणीच्या गुणांवरून मी एका मुलीच्या वडिलांना सांगितले, ‘हिला विज्ञान झेपणार नाही.’ त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. अनेक वर्षांनी, शाळेच्या ओसरीवर आपल्या लेकीला भूमितीचे प्रमेय सहज उलगडून सांगताना मी तिला ऐकले आणि माझी मान खाली गेली. आलेखावरचा एकच बिंदू पाहून मी निकाल दिला होता.

पालकहो, मूल आज मंद दिसले तर त्याची दुसरी बाजू समोर येईपर्यंत थांबा. आम्ही शिक्षकही थांबू.