पाळी आणि मुदत

श्रोतेहो, रत्नागिरीला गाडी क्रॉसिंगसाठी थांबते, हे आपण पाहतोच. 1998 साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचा हा मार्ग इथे एकेरी. म्हणून पाळी ठरवावीच लागते.

आजच्या काही मोटारींतल्या संगणकाचे तसेच आहे. यंत्र एकच, पण त्यात दोन आभासी यंत्रे नांदतात. एक चालकाला धोक्याचे इशारे दाखवते, दुसरे गाणी वाजवते. गाणे क्षणभर अडले तर बिघडत नाही. इशारा उशिरा आला तर जिवावर बेतते. म्हणून इशाऱ्याची पाळी आधीच राखून ठेवतात. गाण्याचे यंत्र बिघडले तरी ती पाळी त्याला खाता येत नाही.

गुरुजनहो, मुलांना एवढेच सांगा : मुदत टळल्यावर आलेले बरोबर उत्तरही इथे चूकच ठरते.