थांबलेली गाडी पाहताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं की ज्यानं त्यानं आपापल्या धंद्यातलं काहीतरी सांगायचं. आपल्या डॉक्टर मैत्रिणीनं गुडघ्यांवर सांगितलं, सीए मित्रानं मृत्युपत्रावर सांगितलं. दोघांनी मिळून तुम्हाला पुरेसं घाबरवलं आहे. मी पडलो गॅरेजवाला. मी सांगणार आहे ते वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल. ती विकत घ्यायच्या आधी कशी पाहायची, एवढंच. हा विषय का निवडला, त्याचं कारण तिसऱ्या रांगेत बसलं आहे. नाव सांगत नाही, पण तो आत्ता चष्मा पुसतो आहे.

आपण सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे आलो. फंडाचे पैसे हातात आले, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात गेली, आणि तरुणपणी मासिकात पाहिलेली एखादी गाडी अचानक आठवायला लागली. गेल्या हिवाळ्यात या मित्राचा मला फोन आला. "का बे, एक स्टॉर्म सापडली. लाल. धंतोलीत शेडमध्ये उभी आहे. पाहायला येतो का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सॅन स्टॉर्म ही आपल्या देशात बनलेली, दोन माणसांची, उघड्या छताची स्पोर्ट्स कार. १९९८ मध्ये आली. सॅन मोटर्सचा कारखाना गोव्यात होता. आराखडा फ्रान्समधला, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं, साधारण ६० हॉर्सपॉवरचं. बॉडी पत्र्याची नाही, फायबरग्लासची. आजच्या हिशोबात ६० म्हणजे काहीच नाही, पण त्या काळी आपल्या रस्त्यांवर उघड्या छताची नवी भारतीय गाडी हेच मोठं नवल होतं. फार थोड्या बनल्या. म्हणून सापडली की माणूस हरखतो. आणि हरखलेल्या माणसानं एकट्यानं गाडी पाहायला जाऊ नये, हा माझा पहिला नियम.

दुसरा नियम, गाडीच्या आधी कागद पाहा. आरसी हातात घ्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी एकेक आकडा बोटानं जुळवा. कर्जाची नोंद राहिली आहे का पाहा. कर्ज फेडलेलं असतं, पण बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत कोणी दिलेला नसतो. धंतोलीच्या गाडीचे नंबर जुळले, कर्ज नव्हतं. पण आरसी होती बाईंच्या यजमानांच्या नावावर, आणि ते जाऊन सहा वर्षं झाली होती. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मग फॉर्म २९ आणि ३० वर विक्री. मधली पायरी गाळून "सह्या करून ठेवल्यात, चालून जाईल" असं कोणी म्हणालं, तर चहा पिऊन उठा.

आणखी एक गैरसमज आहे. "जुनी आहे, व्हिंटेजमध्ये टाकू." २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी. स्टॉर्म त्यात बसत नाही. तिला साध्या गाडीसारखंच नोंदणीचं नूतनीकरण लागतं. या गाडीची नोंदणी १९९९ ची, म्हणजे १५ वर्षांची मुदत २०१४ मध्येच संपली होती. १ एप्रिल २०२२ पासून अशा नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,०००. उशिराचा आकार वेगळा, आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हे सगळं सौद्याच्या आधी आरटीओत जाऊन कागदावर लिहून आणा.

आता गाडी. विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा, धुऊ नका, हलवू नका, आणि कृपा करून चालू करून पाहू नका. धूळ खूप काही सांगते. खाली तेलाचा डाग कुठे आहे, टायर कुठे बसले आहेत, उंदरांच्या लेंड्या कुठे आहेत, वाळवीची माती कुठून चढली आहे, हे सगळं धुतलेल्या गाडीवर दिसत नाही. सोबत न्यायचं सामान थोडं आहे: टॉर्च, लोहचुंबक, जाड स्क्रू ड्रायव्हर, छोटा आरसा, पान्यांचा संच, आणि अंगाखाली घालायला जुनी चादर. जो चादर न अंथरता गाडी पाहतो, त्यानं गाडी पाहिलीच नाही.

लोहचुंबक कशासाठी? पत्र्याच्या गाडीवर तो फिरवला की पुट्टी कुठे भरली आहे ते कळतं. तिथे तो धरत नाही. स्टॉर्मच्या बॉडीवर तो कुठेच धरत नाही. तिथे बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकायचा, आणि बिजागऱ्यांभोवती, बोल्टभोवती ताऱ्यासारख्या बारीक चिरा आहेत का ते टॉर्च तिरपा धरून पाहायचं. फायबरग्लासची खरी फसवणूक वेगळीच आहे. ते गंजत नाही. त्यामुळे गाडी वरून टवटवीत दिसते, आणि खालच्या लोखंडी सांगाड्यात गंज आरामात वाढत राहतो.

प्रत्येक जुन्या स्पोर्ट्स कारचं असं एक लपलेलं हाड असतं. इंग्रजांच्या एमजी टीसीचं उदाहरण घ्या. १९४५ ते १९४९ मध्ये बनलेली गाडी, आजही हिंदुस्थानात कुठे कुठे जपलेली आहे. तिच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाची चौकट असते. आपल्याकडच्या वाळवीला ती किती गोड लागेल, सांगायला नको. तिथे लाकूड टोचून पाहायचं, इथे चेसिस. गाडी कुठलीही असो, प्रश्न एकच विचारायचा: हिला उभं कशानं ठेवलं आहे, आणि ते मला दिसतं आहे का?

स्टॉर्मखाली मी अर्धा तास आडवा होतो. कॅनव्हासचं छत फाटलं की पावसाचं पाणी आत गालिच्याखाली साचतं. म्हणून सीटखालचा भाग आणि सस्पेन्शन जिथे चेसिसला धरतं ते जोड, इथे स्क्रू ड्रायव्हर जोरात दाबून पाहायचा. पुढचे जोड ठणठणीत होते. मागच्या डाव्या जोडाजवळ स्क्रू ड्रायव्हर आत गेला. बरोबर त्याच्यावर शेडचा टिना गळत होता.

लोक सगळ्यात जास्त घाबरतात इंजिनला. माझ्या मते ती भीती थोडी चुकीच्या जागी आहे. हे इंजिन रेनोनं युरोपात ट्विंगो आणि क्लिओत घातलं होतं, त्यामुळे त्याचा माल जगात कुठेतरी मिळतो. आपल्या देशात रेनोची गाडी आली ती २००७ मध्ये, लोगान. म्हणजे नागपुरात दुकानात मिळणार नाही, मागवावं लागेल, थांबावं लागेल. पण गाडीचं स्वतःचं जे आहे, पुढची काच, छताचा सांगाडा, बॉडीचे तुकडे, ते पैसे देऊनही सहज मिळत नाही. म्हणून मी आधी काच पाहतो, मग इंजिन. काच अखंड होती. मित्राला म्हटलं, अर्धी लढाई इथे जिंकलास.

इंजिनची रीत अशी. डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीला पाना लावून हातानं, चालण्याच्या दिशेनंच, हळू फिरवा. अडलं तर थांबा. बळ लावायचं नाही. फिरलं तरी स्टार्टर मारायचा नाही. आधी टायमिंग बेल्ट नवा, ऑइल आणि फिल्टर नवे, टाकी रिकामी आणि साफ. जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारतं, ते पंपात आणि इंजेक्टरमध्ये गेलं की पुढचा खर्च वाढतो. आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलचे सगळे पाईप बदलायचे, ही रक्कम धरूनच चाला.

ब्रेक किती शाबूत आहेत, हा प्रश्नच विचारू नका. शून्य समजा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आतून गंज चढतो, रबर फुगतं. नागपूरचा मे महिना बाहेरचं रबर भाजतो आणि जुलै आतलं लोखंड गंजवतो. टायरवर नक्षी कितीही खोल असो, बाजूचा नंबर वाचा. शेवटचे चार आकडे ३२०४ असले तर २००४ सालचा बत्तिसावा आठवडा. तीनच आकडे असले तर टायर २००० च्या आधीचा आहे. तो टायर शोभेला ठेवा, त्यावर बसू नका.

आता मुख्य गोष्ट. दोन दिवस पाहून मी एक कागद लिहिला. डावीकडे शाबूत काय, उजवीकडे काय करावं लागेल, त्यापुढे अंदाजे रक्कम. खाली एक ओळ, "न दिसलेल्यासाठी", आणि तिथे उजवीकडच्या बेरजेचा चौथा हिस्सा. मित्र हळूच म्हणाला, "डावीकडचं काकूंना दाखवू नको. भाव चढवतील."

मी कागद दोघांसमोर टेबलावर ठेवला. त्या बाईंनी तो पूर्ण वाचला. त्यांना वाटत होतं की गाडी भंगार आहे. एक जण शेडमध्ये पाच मिनिटं डोकावून तसंच सांगून, भंगाराचाच भाव देऊन गेला होता. यजमान दर रविवारी ती गाडी पुसायचे, आणि आपल्या मागे तिचं काही मोल नाही, हे त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. काच अखंड, इंजिन मोकळं, नंबर जुळलेले, ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग मागच्या जोडाचा गंज कुठे आहे ते मला शेडमध्ये नेऊन दाखवायला लावला. त्यानंतर भाव ठरायला दहा मिनिटं लागली. मित्रानं मनात धरला होता त्यापेक्षा थोडा जास्त, त्यांनी ऐकला होता त्यापेक्षा बराच जास्त. दोघांनाही रात्री झोप लागली.

गाडीची पाहणी भाव पाडण्याचं हत्यार म्हणून करणारे पुष्कळ आहेत. माझ्या गॅरेजात मी ते होऊ देत नाही. जुन्या गाडीमागे बहुतेक वेळा एक गेलेला माणूस असतो आणि मागे राहिलेलं घर असतं. घेणाऱ्याचे पेन्शनचे पैसे वाचले पाहिजेत, तसा विकणाऱ्यालाही खरा हिशोब मिळाला पाहिजे. एकच कागद दोघांना दाखवता आला, तर पाहणी नीट झाली असं समजा.

फॉर्म ३१ ला काही महिने लागले. तोवर मित्रानं एक रुपयाही पुढे दिला नाही आणि बाईंनी दुसरं गिऱ्हाईक पाहिलं नाही. आता गाडी त्याच्या पोर्चमध्ये चार स्टँडवर आहे. चेसिसचा जोड झाला, ब्रेक झाले, बेल्ट यायचा आहे. त्याची बायको विचारते, "कधी चालणार?" मी सांगतो, वहिनी, चालेल तेव्हा चालेल, पण थांबेल तेव्हा नक्की थांबेल.

तुमच्यापैकी कोणाला अशी गाडी सापडली तर फोन करा. पाहायचे पैसे शाळेच्या मित्रांकडून घेत नाही. चादर मात्र तुमची आणा.