पत्रावरचे जुने डाव



पत्राने बुद्धिबळ खेळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८२८-२९ साली मद्रास आणि हैदराबाद यांच्यात असे दोन डाव झाले. आपले शहर तेव्हा हैदराबादच्या निजामाकडेच होते. दोन्ही डाव मद्रासने जिंकले आणि मद्रासच्या गुलाम कासिमांनी कॉक्रेन यांच्याबरोबर ते चिकित्सेसह छापले. चिकित्सा जिंकणाऱ्यांनी केली, एवढे ध्यानात ठेवावे.

आम्हीही वाळूजला चळवळीत असताना पोस्टकार्डांवर खेळत असू. खेळी आकड्यांत लिहावयाची. राजापुढचे प्यादे दोन घरे सरकले की ५२५४. मग भाषा कोणतीही असो.

सोलापूरच्या एका गिरणी कामगाराशी झालेला डाव आम्ही जिंकला, असे आमची वही सांगते. परवा तो पुन्हा पटावर मांडला. शेवटी आमच्याकडे पांढऱ्या घरांचा उंट व एक कडेचे प्यादे, त्यांच्याकडे एकटा राजा. कोणीही म्हणेल, खेळ आटोपला! पण ते प्यादे जिथे वजीर व्हावयाचे, ते कोपऱ्यातले घर काळे. त्यांचा राजा तिथून दोनच घरांवर होता. तो तिथे जाऊन बसता, तर आमच्या उंटाला त्याला हुसकता आले नसते. फार रेटले असते, तर त्याची हालचालच खुंटून डाव बरोबरीत सुटला असता.

संगणक हे क्षणात दाखवतो. त्यांनी डाव का सोडला, हे मात्र शेवटच्या कार्डावरच आहे : गिरणी बंद पडली, पत्ता बदलेल, डाव तुमचा. वाटाघाटींच्या टेबलावर अशा सह्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. वहीत आता त्या डावापुढे अर्धा-अर्धा गुण लिहिला आहे.