नवा माणूस आला तर काय करेल?

सिनियर झालं की जास्त कामं अंगावर घ्यायची, असं आम्हा इंजिनिअर लोकांना वाटतं. पण वरच्या खुर्चीचं अवघड काम म्हणजे काय बंद करायचं ते ठरवणं.

१९८५ सालचं इंटेल बघा. मेमरी चिप हा कंपनीचा मूळ धंदा, पण जपानी कंपन्यांपुढे तो टिकेना. अँडी ग्रोव्ह यांनी गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच या दोघांनी केलं, मायक्रोप्रोसेसरवर जोर दिला. कंपनी तरली, पण हजारो नोकऱ्या गेल्या. म्हणजे निर्णय फुकट होत नाही.

तुमच्या टीममधलं कुठलं काम निव्वळ सवयीने चालू आहे? सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारून बघा.