हलकी नाव, भारी हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



"नदीवर मासे धरायला एखादी छोटी, हलकी नाव घ्यायची आहे. कोणती घेऊ?" निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, रविवारी गळ घेऊन कन्हानच्या काठी जाणारे नागपूरकर. दुसरे, माझे जुने विद्यार्थी, ज्यांचे पोटच वैनगंगेवर आहे. मी भंडारा जिल्ह्यात अनेक वर्षे विज्ञान शिकवले. वर्गात निम्मी मुले ढिवरांची असायची. त्यांना मी फळ्यावर आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकवला आणि त्यांच्या वडिलांनी मला नदी शिकवली. दुर्दैवाने ती मी जरा उशिरा शिकलो. त्याचीच ही हकीकत.

निवृत्तीच्या पैशांतून मी हौसेने एक फायबरची नाव घेतली. आठ फूट लांब, जेमतेम अडीच फूट रुंद. दुकानदाराने ती एका हाताने उचलून दाखवली आणि मी तिथेच भुललो. पहिल्याच रविवारी पुतण्याला घेऊन कन्हानवर गेलो. तासाभरात पुतण्याच्या गळाला चांगला मोठा मासा लागला. तो ओढायला पुतण्या उजवीकडे वाकला, जाळी धरून मीही उजवीकडेच वाकलो आणि पुढच्या क्षणी दोघेही पाण्यात. पाणी छातीएवढेच होते म्हणून आज आपल्याशी बोलतो आहे. चष्मा गेला, गळ गेला, मासा तर गेलाच.

हे मी एका विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगितले. त्यांचे सारे आयुष्य डोंग्यावर गेलेले. मला वाटले, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "गुर्जी, डोंगा घेताना तुम्ही उचलून पाह्यला का जी?"

म्हटले, "हो, पाहिला."

"अन् पाण्यात बसून?"

मी गप्प. तेव्हा ते म्हणाले, "डोंगा हलका पाह्यजे तो आनाले-न्याले. पाण्यात तो हलका नाई पाह्यजे."

नाव निवडण्याचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आहे. ते जरा उलगडून सांगतो.

हलकेपणा हवा, यात शंका नाही. उन्हाळ्यात आपल्या नद्या आटतात. कन्हान असो की वैनगंगा, मैलभर वाळू आणि मधून पाण्याची धार. एका डोहातून दुसऱ्या डोहाकडे जायचे तर नाव वाळूवरून ओढावी लागते. दोन माणसांनी उचलून शंभर पावले चालता आले पाहिजे. माझ्या अनुभवाने पन्नास-साठ किलोंपर्यंत हे जमते, पुढे कंबर तक्रार करते. एकट्यानेच जायचे असेल तर वजन याच्या निम्मे हवे.

पण नाव पाण्यात गेली की प्रश्न बदलतो. तिथे दोन गोष्टी मोजायच्या: रुंदी आणि ओझे.

आधी रुंदी. कलंडणाऱ्या नावेला परत सरळ करणारा जोर रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे लांबी तेवढीच ठेवून अडीच फुटांची नाव साडेतीन फूट रुंद केली, तर हा जोर दीडपट होत नाही, जवळजवळ पावणेतीन पट होतो. माझी नाव का उलटली ते यात आले. मग आपण म्हणाल, ढिवरांचा जुना, एकाच खोडातून कोरलेला डोंगाही अरुंदच असतो, तो कसा उलटत नाही? एक तर तो लांब आणि जड असतो. आणि दुसरे, त्यावर उभा असलेला माणूस लहानपणापासून पायाने तोल सांभाळत आलेला असतो. तो पाय दुकानात विकत मिळत नाही. म्हणून नवशिक्याने सपाट तळाची, किमान साडेतीन फूट रुंद नाव घ्यावी.

आता ओझे. एक घनफूट पाण्याचे वजन साधारण २८ किलो. समजा, सपाट तळाच्या नावेचा पाण्यात टेकणारा भाग दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. ती चार इंच बुडाली, की दहा घनफूट पाणी बाजूला सारते. म्हणजे २८० किलो तोलते. नाव साठ किलोंची, दोन माणसे एकशे चाळीस, ओले जाळे, डबा आणि मासे मिळून चाळीस. झाले २४०. हिशेब बसला.

त्याच नावेत अकरा माणसे बसली तर? सरासरी साठ किलो धरले तरी नावेसकट ७२० किलो. नाव दहा इंचांहून अधिक बुडते. काठ चौदा इंचांचा असेल तर पाण्यावर चार बोटे उरतात. त्यात एक जण उभा राहिला, दुसरा फोटोसाठी वळला, की पाणी आत आलेच.

अकरा हा आकडा मी उगीच घेतलेला नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटली, तेव्हा तीत अकरा जण होते. आठ जण बुडाले. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंज धबधब्याजवळ वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणांचा बळी गेला. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बाया वैनगंगेत बुडाल्या. बातम्या वाचून आपण हळहळतो आणि नदीला दोष देतो. मासेमारीची नाव ही दोघा-तिघांची असते. तिला प्रवासी नाव केले, की ती तिचे काम करू शकत नाही.

आता नाव कशाची घ्यावी, ते पाहू.

लाकडी नाव पाण्यात ठाम बसते आणि आवाज करत नाही, पण ती जड असते आणि दरवर्षी डांबर मागते. शिवाय चांगले लाकूड आज परवडते कुणाला? कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने यावर एक वाट काढली. स्वस्त रबराच्या झाडाचे लाकूड औषध देऊन टिकाऊ करायचे आणि त्यावर फायबरचे कवच चढवायचे. छोट्या नावांसाठी हा प्रयोग त्यांनी यशस्वी केला.

निव्वळ फायबरची नाव हलकी, गुळगुळीत असते आणि गंजत नाही. खडकावर आपटली तर तडकते, पण दुरुस्ती सोपी. आपल्या नागपुरात फायबरचे कूलर सांधणारा कारागीरही ती जोडून देईल. ॲल्युमिनियमची नाव तडकत नाही, पोचते. मात्र डबा पडला तरी ठण् आवाज होतो आणि मासा पळतो. मे महिन्यात तर काठाला हात लावता येत नाही. तिच्यावर ओले पोते टाकून बसावे लागते.

हवा भरायच्या नावेचे शहरी मंडळींना फार आकर्षण. घडी करून गाडीच्या डिकीत बसते, हे खरे. पण आपल्या काठांवर बाभळीचे काटे आणि गोसीखुर्दसारख्या जलाशयात पाण्याखाली उभे असलेले झाडांचे खुंट. त्यात हाती स्वतःचाच गळ. घ्यायचीच तर हवेचे किमान तीन स्वतंत्र कप्पे असलेली घ्यावी. आणि ट्रकची ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा घेऊन जाळे टाकणारी माणसे आपण पाहतो, ते त्यांचे शौर्य नाही, नाइलाज आहे. नाव परवडत नाही म्हणून ते जिवावर बेततात. छोटी नाव आणि जाळ्यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदानाची तरतूद करण्यात आली. सध्या काय मिळते, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जरूर विचारावे.

पाणीही पाहावे. गोसीखुर्दच्या फुगवट्यात दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात. तिथे काठ उंच हवा. जिथे जलपर्णी माजली आहे, तिथे रुंद, बोथट तोंडाची नाव अडते. टोकदार नाव वाट काढते. पावसाळ्यात धरणाची दारे उघडणार असल्याचा इशारा आला, की नाव कितीही चांगली असो, ती काठावरच बरी. अनेक तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असतात, तिथे आधी परवानगी घ्यावी. तोतलाडोहात, व्याघ्र प्रकल्पात, मासेमारीला बंदीच आहे.

शेवटी एक परीक्षा सांगतो. पैसे देण्यापूर्वी नाव कमरेएवढ्या पाण्यात न्या. दोघे एकाच काठावर बसा. काठ पाण्याला टेकतो का, पाहा. मग ती मुद्दाम पाण्याने भरा. भरूनही ती तरंगली पाहिजे. त्यासाठी बैठकीखाली बंद फोम असावा लागतो. दुकानदार या परीक्षेला नाही म्हणाला, तर आपणही नाही म्हणा. आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, नावेत ठेवू नका.

माझी ती आठ फुटी नाव आज अंगणात आहे. तीत माती भरून बायकोने पालक लावला आहे. त्यानंतर मी बारा फुटी, साडेतीन फूट रुंद नाव घेतली. घेताना ते विद्यार्थ्याचे वडील सोबत होते. त्यांनी ती उचलून पाहिलीच नाही. पाण्यात सोडली, आत उभे राहिले, दोन्ही पायांनी डुलवली आणि म्हणाले, "ही चालते, गुर्जी. पन दोघंच बसा."

गेल्या दिवाळीत घरी पाहुणे आले होते. मुलांनी हट्ट धरला, "आजोबा, आम्हा सगळ्यांना एकदम न्या ना." पाच मुले होती. मी त्यांना एकेक करून नेले. पाच फेऱ्या झाल्या, खांदे दुखले. पाच वेळा काठावर परत आलो, एवढेच मला त्या दिवसाचे समाधान.