नुकसानभरपाईचें पत्र

मोटार विकत घेणारा गृहस्थ वास्तविक दोन वस्तूंचे पैसे मोजतो. एक मोटार, आणि दुसरी ती मोटार चालूं राहील ही उत्पादकाची हमी. पहिली वस्तु दारांत उभी दिसते. दुसरी कागदावर असते, आणि तो कागद पहिला बिघाड होईपर्यंत बहुधा कोणी उघडून पाहत नाहीं. पुढें बिघाड होतो, दुरुस्ती लांबते, महिने जातात, आणि एके दिवशीं कंपनीकडून गोड भाषेंतलें एक पत्र येतें : 'आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोंत, सद्भावनेचें चिन्ह म्हणून अमुक रक्कम स्वीकारावी.' या पत्राचें करावें काय? रक्कम घ्यावी, नाकारावी, कीं आणखी मागावी? ज्या घरांत मोटार ही राहत्या जागेच्या खालोखालची सर्वांत मोठी खरेदी असते, त्या घरांत हा प्रश्न क्षुल्लक नसतो.

उदाहरणादाखल पुण्यांतील एक कल्पित कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. यजमान बँकेंत नोकरीला, निवृत्तीला सहा वर्षें उरलेलीं. पत्नीचे गुडघे दुखरे, म्हणून गिअर आपोआप बदलणारी गाडी घेतली. सर्व मिळून बारा लाख पडले, पैकीं आठ लाख कर्जाचे. चौथ्या महिन्यांत गिअर अडकूं लागला. पहिल्या खेपेस गाडी ११ दिवस कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रांत राहिली, दुसऱ्या खेपेस २२ दिवस. त्यानंतर साताऱ्याकडे जातांना खंबाटकीचा चढ चढत असतां गाडीनें एकाएकीं जोर सोडला. पाठीमागें मालमोटारींची रांग, एका बाजूस दरी. कसेबसे ढकलून गाडी कडेला घेतली. तिसऱ्या खेपेस सुटा भाग परदेशांतून यावयाचा म्हणून ६१ दिवस गेले. एकूण ९४ दिवस, आणि तेही पहिल्याच वर्षांत.

कंपनीचें पत्र आलें तें असें : तीस हजार रुपये रोख, दोन वर्षांची वाढीव वॉरंटी, आणि दोन वेळची देखभाल विनामूल्य. या सर्वांची किंमत कंपनीनें आपल्या हिशेबानें ७२,००० रुपये लावली होती. सोबत सहीसाठीं एक पावती होती. तींत एक वाक्य होतें : 'सदर मोटारीसंबंधीं झालेले, असलेले व पुढें उद्भवणारे सर्व दावे पूर्ण व अंतिम रीतीनें मिटले आहेत.'

यजमानांनीं पत्र वाचून दाखविलें तेव्हां पत्नी म्हणाली, "अहो, पैशांचें नंतर पाहूं. ती गाडी पुन्हा घाटांत तशीच थांबली तर कोण येणार आहे?" घरांतील सर्वांत शहाणा प्रश्न हाच होता. परंतु पुरुषमाणसांची रीत अशी कीं, आधीं कागद आणि पेन्सिल.

तेव्हां आधीं रकमेचाच विचार. येथें बहुतेकांचा हिशेब पहिल्याच पायरीवर घसरतो. 'तीन महिने गाडी नव्हती, महिन्याचा हप्ता साडेसोळा हजारांचा, म्हणजे पन्नास हजार हप्त्यांतच गेले,' असें म्हटलें जातें. परंतु नऊ टक्के दरानें पांच वर्षांसाठीं काढलेल्या कर्जाच्या हप्त्यांत मोठा भाग मुद्दलाच्या फेडीचा असतो, आणि फेडलेलें मुद्दल म्हणजे कमी झालेलें ऋण होय, नुकसान नव्हे. बुडालें तें व्याज. तें ९४ दिवसांचें सुमारें सतरा हजार होतें. त्या वर्षाला लागू पडणारा विम्याचा भाग ३६,५०० रुपयांचा धरल्यास दिवसाचे शंभर, म्हणजे ९,४०० रुपये. तिसरी बाब घसाऱ्याची. गाडी उभी असो कीं धांवती, तिचें वय वाढतच असतें. विम्याकरितां गाडीची किंमत ठरवितांना सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या गाडीवर पंधरा टक्के घसारा धरण्याचा प्रघात आहे. मूळ किंमत दहा लाख असेल तर वर्षाची घट दीड लाख, आणि ९४ दिवसांच्या वांट्याला सुमारें ३८,६०० रुपये येतात. तिन्ही मिळून बेरीज पासष्ट हजार.

दुसऱ्या बाजूस रिक्षा आणि भाड्याच्या गाड्या यांचा खर्च आहे. वांचलेलें पेट्रोल वजा केल्यावर तो अठरा हजार निघाला. आतां मोह असा होतो कीं, पासष्ट आणि अठरा मिळून त्र्याऐंशी हजार मागावे. ही बेरीज मात्र चुकीची आहे. रिक्षानें जाऊन ज्याचें काम झालें त्याची त्या दिवसाची गैरसोय रिक्षाच्या भाड्याएवढी. व्याज, विमा आणि घसारा तर गाडी दारांत असती तरीही त्याला सोसावाच लागला असता. एक तर पर्यायी वाहनाचा खर्च मागावा, नाहीं तर निरुपयोगी पडून राहिलेल्या मालमत्तेचा भार मागावा. एकाच दिवसाबद्दल दोन्ही मागणें न्यायाचें होत नाहीं. या घरांत कांहीं कामें रिक्षानें झालीं, आणि कांहीं झालींच नाहींत : गांवची जत्रा चुकली, व्यायामोपचाराच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. म्हणून खरें नुकसान अठरा आणि पासष्ट या दोहोंच्या मध्यें कोठें तरी पडतें. मनस्तापाचा विचार त्यावर वेगळा. ग्राहकाला द्यावयाच्या भरपाईंत झालेल्या छळाचा आणि मनस्तापाचाही समावेश होऊं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या प्रकरणांत सांगितलेलें आहे.

या मापानें पाहिलें तर तीस हजारांची रक्कम थोडी आखूड आहे, पण अपमानास्पद खास नाहीं. हें मान्य करणें संतापलेल्या मनाला जड जातें. वाढीव वॉरंटीची गोष्ट निराळी. पत्रांत तिला मोठा आंकडा लावलेला असतो. परंतु तिची किंमत तीन गोष्टींवर अवलंबून राहते. मालक तेवढीं वर्षें गाडी ठेवणार आहे काय? गाडी विकल्यास ती नव्या मालकाकडे जाते काय? आणि जो गिअरबॉक्स तीन वेळां उघडला तो तींत धरलेला आहे काय? शिवाय जो दोष मूळ हमीच्या काळांतच उत्पन्न झाला आणि नीट गेला नाहीं, तो काढून देणें हें उत्पादकाचें कर्तव्यच होतें. तेंच कर्तव्य पुढें ढकलून बक्षीस म्हणून देऊं करणें म्हणजे उसनें घेतलेलें भांडें परत करतांना भेट दिल्याचा आव आणण्यासारखें आहे. विनामूल्य देखभाल मात्र रोख पैशांसारखीच मोजावी, कारण तो खर्च होणारच होता.

आतां पत्र नाकारल्यास पुढें काय, तेंही पाहिलें पाहिजे. कारण देऊं केलेल्या रकमेची तुलना मनांतल्या रकमेशीं करावयाची नसते. ती नकारानंतर जें हातीं लागण्याचा संभव आहे त्याच्याशीं करावयाची असते. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यानें ग्राहकाची वाट बरीच सोपी केली. कारखाना कोठेंही असो, ग्राहक जेथें राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. २०२१ च्या अखेरीस झालेल्या नियमांनुसार, ज्या वस्तूसाठीं मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत आहे तें प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातें, आणि बारा लाखांच्या गाडीला शुल्क अवघें ४०० रुपये पडतें. मुदत तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दोष काढून देणें, वस्तु बदलून देणें, किंमत परत करणें, भरपाई देणें, हे सर्व आदेश आयोगाला देतां येतात. तत्पूर्वीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीवर तक्रार नोंदविण्याचीही सोय आहे, आणि पुष्कळ कंपन्या त्या टप्प्यावर नरम येतात.

परंतु कायद्यांत तीन महिने, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पांच महिने, अशी जी कालमर्यादा लिहिली आहे तिच्यावर संसाराचें वेळापत्रक आखूं नये. तज्ज्ञाच्या तपासणीचें शुल्कही आयोग तक्रारदारास आधीं भरावयास सांगूं शकतो. आणि मुख्य अडचण पुराव्याची आहे. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यानें १९८२ मध्यें असल्या रडतखडत चालणाऱ्या नव्या मोटारींसाठीं खास कायदा केला. तिकडे अशा गाडीला 'लिंबू' म्हणतात. कॅलिफोर्नियांत पहिल्या अठरा महिन्यांत किंवा अठरा हजार मैलांत गाडी एकूण तीस दिवसांपेक्षां अधिक दुरुस्तींत राहिली, तर उत्पादकाला पुरेशी संधि मिळाली असें कायदाच गृहीत धरतो. आपल्याकडे दिवसांचें असें गणित नाहीं. ९४ दिवस हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

न्यायालयांनीं रेघ कोठें ओढली आहे तें दोन निर्णयांवरून दिसतें. हमीपत्रांत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची जबाबदारी पत्करली असेल, तर सबंध गाडीच बदलून द्या असें म्हणतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ठरविलें. उलट २०१० सालच्या एका प्रकरणांत, स्वतंत्र तज्ज्ञाला गाडींत उत्पादनाचाच अंगभूत दोष आढळल्यास किंमत आणि वाहनकर व्याजासह परत करावा, असें त्याच न्यायालयानें सांगितलें. तेव्हां सारा भर 'भाग सदोष कीं गाडी सदोष' या एका प्रश्नावर येतो. त्याचें उत्तर दुरुस्ती-केंद्राच्या जॉब कार्डांत असतें. चढावर जोर सुटतो ही तक्रार मालकाच्या शब्दांत तेथें लिहिलेली असली तर ती बोलते. 'सर्वसाधारण तपासणी' एवढेंच लिहिलें असेल तर ती मुकी राहते. गाडी आंत गेली आणि बाहेर आली त्या तारखा, त्या त्या वेळचा किलोमीटरचा आंकडा, बदललेल्या भागांचीं नांवें, हे कागद त्याच वेळीं मागून घ्यावे. वर्षानंतर ते मिळतीलच असें नाहीं.

चांगला देकार नाकारण्याची किंमतही कधीं कधीं मोठी असते. हैदराबादेंत २००९ सालीं घेतलेल्या एका महागड्या परदेशी नाममुद्रेच्या मोटारींत थोड्याच दिवसांत बिघाड झाला आणि प्रकरण फौजदारीवर गेलें. २०१२ मध्यें उच्च न्यायालयानें खटला रद्द केला, पण उत्पादकानें नवी मोटार द्यावी असें सांगितलें. उत्पादक तयार झाला. खरेदीदार मात्र नवी मोटार नको, व्याजासह पैसे हवेत म्हणून अडून बसला. अखेर जुलै २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ५० लाख रुपये देववून तें प्रकरण मिटविलें. पैसे मिळाले हें खरें, पण मधलीं बारा वर्षें गेलीं. 'हातचें सोडून पळत्याच्या मागें लागूं नये' असें वडील माणसें म्हणतात तें अशा वेळीं आठवतें.

मग यजमानांनीं सही करून मोकळें व्हावें काय? येथेंच पत्नीच्या प्रश्नाकडे परत यावें लागतें. रक्कम झाल्या गैरसोयीची आहे. सही मात्र पुढच्या दोषाचीही मागितली आहे. तीस हजार घेऊन ९४ दिवसांचा हिशेब मिटविणें एक, आणि त्याच तीस हजारांत उद्यां गिअरबॉक्स पुन्हा बंद पडल्यास बारा लाखांच्या गाडीविषयींचा हक्क देऊन टाकणें दुसरें. अशा पावतीवर सही केली म्हणजे सर्व संपलें असेंही नव्हे. फसवणूक, दडपण किंवा चुकीची समजूत करून देऊन सही घेतली असेल, तर केवळ त्या सहीनें ग्राहकाचा हक्क जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं एका विमा कंपनीच्या प्रकरणांत म्हटलें आहे. पण तें दडपण सिद्ध करण्याचा भार सही करणारावरच पडतो, आणि बँकेंत उभी हयात घालविलेल्या माणसानें 'मीं वाचलें नव्हतें' म्हणावें हें कोणासही पटावयाचें नाहीं.

म्हणून यजमानांनीं रकमेसाठीं फारसें भांडण केलें नाहीं. त्यांनीं उत्तर लिहिलें तें पाऊण पानाचें. रोख रक्कम पन्नास हजार करावी, आणि ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या ९४ दिवसांच्या गैरसोयीपुरती आहे असें पावतींत लिहावें. 'पुढें उद्भवणारे' हे शब्द गाळावे. कोणता दोष सांपडला, कोणता भाग बदलला, हें कंपनीच्या अभियंत्याच्या सहीनें कळवावें. वाढीव वॉरंटींत गिअरबॉक्स स्पष्ट नांवानें यावा आणि ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे जावी. तोच दोष बारा महिन्यांत पुन्हा आला तर कंपनीनें किंमत परत करावी. उत्तरासाठीं पंधरा दिवस दिले, आणि 'माझे सर्व हक्क राखून' हे शब्द सहीच्या वर लिहिले.

कंपनीनें चाळीस हजार कबूल केले. किंमत परत करण्याचें कलम तिनें मानलें नाहीं, आणि तें मानील अशी अपेक्षाही धरावयाची नसते. पण 'पुढें उद्भवणारे' हे शब्द गेले, गिअरबॉक्सचें नांव आलें, आणि वॉरंटी नव्या मालकाकडे जाईल असेंही लिहून मिळालें. बदललेल्या भागांची यादी आली ती दीड पानाची. यजमानांनीं ती पत्नीला वाचून दाखविली. तिनें एवढेंच विचारलें कीं, घाटाच्या चढावर कोणी चालवून पाहिली का? त्याचा उल्लेख यादींत नव्हता. तेव्हां कंपनीचा कारागीर शेजारीं बसवून गाडी पूर्ण भारानिशीं चढावर चालवावी, आणि तसा शेरा जॉब कार्डावर यावा, ही एक अट वाढली. ती पुरी झाल्यावर सही झाली. सही केलेल्या पावतीची प्रत फाइलींत गेली, आणि दोन वर्षांची मुदत ज्या दिवशीं संपते ती तारीख यजमानांनीं कपाटाच्या दाराच्या आंतल्या बाजूस लाल शाईनें लिहून ठेवली.